शेतातली बेडफर्ड पुन्हा चालती करायची तर

बस घरी आली की पहिले पंधरा दिवस पाना हातात घ्यायचा नाही. वही घ्यायची, खडू घ्यायचा, फोनचा कॅमेरा घ्यायचा आणि टपावर ताडपत्री घालायची. एवढंच. हा नियम मी तिसऱ्याच दिवशी मोडला आणि त्याचा दंडही भरला, ते पुढे येईलच.

आमची बस बडोद्याजवळ डभोईच्या पुढे एका शेतात विटांवर उभी होती. आत कडबा, ड्रायव्हरच्या जागेवर कोंबड्या. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचा मेळा भरला होता. राजेरजवाड्यांच्या त्या आरशासारख्या गाड्या बघत फिरताना मला सारखी ती कोंबड्यांची बसच आठवत होती. एकतीस वर्षं मी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात पोरांना कानस धरायला शिकवलं. निवृत्त झालो तरी हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. मार्चमध्ये भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन बस घेतली. दांडिया बाजारातल्या आमच्या बोळात रिक्षा वळताना मारामार, तिथे बस कुठली? म्हणून मुजमहुड्याकडे मेहुण्याची रिकामी शेड मागून घेतली. सौ.चं मत एवढंच, की कोंबड्या निदान अंडी तरी देत होत्या.

आधी ओळख पटवा

बेडफर्ड हे इंग्लंडातल्या लूटनच्या वॉक्सहॉल कंपनीचं ट्रक-बसचं नाव, १९३१ पासूनचं. वॉक्सहॉल त्याआधीच, १९२५ मध्ये, अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं विकत घेतली होती. आमची चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, त्यांच्या ‘ओ’ मालिकेतली. या मालिकेतली बस, म्हणजे ओबी, १९३९ मध्ये आली. महायुद्धात तिची लाकडी पट्ट्यांच्या बाकांची काटकसरी आवृत्ती निघाली आणि युद्ध संपल्यावर पन्नास-एक्कावन्नपर्यंत ओबी बनत राहिली. तिकडे तिच्यावर बहुतेक डुपल कंपनीची २९ आसनांची बॉडी चढायची, ऍश लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा मारलेली. आपल्याकडे चॅसी यायची आणि बॉडी इथले मिस्त्री बांधायचे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना होता, १९२८ पासून १९५४ पर्यंत. तेव्हा आपल्या भागात सापडलेली ‘ब्रिटिश बस’ ही कमरेखाली ब्रिटिश आणि कमरेवर सागवानी असते. पुढच्या सगळ्या कामात हे डोक्यात ठेवा, कारण इंग्रजांची पुस्तकं खालच्या अर्ध्या गाडीपुरतीच उपयोगी पडतात.

चॅसीच्या पट्टीवर ठोकलेला नंबर शोधा. वायर ब्रश मारू नका, डिझेलचा बोळा फिरवत बसा. अक्षरं हळूहळू वर येतात. इंजिनाची प्लेट, काचांच्या कोपऱ्यातले शिक्के, बॉडी बांधणाऱ्याची पितळी पट्टी, सगळ्याचे फोटो काढा. आमच्या बोनेटखाली ओबीचं साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन नव्हतंच. तिथे होतं पर्किन्स पी-६, सहा सिलिंडर, ४.७ लिटरचं डिझेल. पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून कित्येक बेडफर्डवाल्यांनी असं हृदय बदलून घेतलं होतं, इंग्लंडातही आणि इथेही. इकडे तर मद्रासला सिम्प्सन कंपनी पर्किन्स बनवायला लागल्यावर ते सोपंच झालं.

मग रंगाकडे वळा. हे काम मला अतोनात आवडतं. जिथे ऊन-पाऊस कमी लागला असेल अशी जागा निवडा: नंबरप्लेटमागची, बिजागरीखालची, खिडकीच्या पट्टीआडची. चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवा, बोटाला गुंडाळा आणि रुपयाएवढं गोल घोटायला लागा. कोरडं मुळीच घासू नका. जुन्या रंगात शिसं असतं, धूळ छातीत जाते. मधोमध पत्रा दिसला की बाराशेचा पेपर घेऊन गोलाच्या कडा बाहेरबाहेर पसरवत न्या. एकेक थर वलयासारखा उघडतो, कांदा आडवा कापल्यावर दिसतो तसा. आमच्या दारामागे सगळ्यात वर पिवळा, त्याखाली करडं अस्तर, मग गर्द हिरवा, मग रेड ऑक्साइड, आणि अगदी तळाशी, पत्र्याला चिकटून, निळा. टपाच्या पन्हाळीच्या आतल्या बाजूला, जिथे ब्रश पोचला नव्हता, तिथे चंदेरी.

निळा आणि चंदेरी बघून माझ्या पोटात गोळाच आला. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर ही पहिली एसटी सुटली तेव्हा गाड्या निळ्या होत्या आणि टप चंदेरी. त्या ताफ्यात शेवरोले, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड यांच्या जोडीला बेडफर्डही होत्या. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि गुजरात वेगळा होईपर्यंत, म्हणजे १ मे १९६० पर्यंत, आपण सगळे एकाच एसटीचे प्रवासी. तेव्हा आमची गाडी एसटीची असणं सहज शक्य. पण शक्य म्हणजे सिद्ध नव्हे. कागद मिळाला नाही तोवर मी कुणाला तसं सांगत नाही, तुम्हीही तुमच्या गाडीबद्दल सांगू नका.

कुठल्या सालची करायची?

इथेच बहुतेकांचं चुकतं. गाडीच्या आयुष्यातलं सगळ्यात झोकदार साल निवडतात आणि बाकीची गाडी त्यात कोंबतात. आमच्या बसला निळा रंग दिला असता तर बोनेटखालचं डिझेल खोटं ठरलं असतं. मग पेट्रोल इंजिन शोधा, ते मिळालं की मागच्या भिंतीत नंतर पाडलेलं दार बुजवा, म्हणजे तिथले खांब नवे. शेवटी जे उभं राहील त्यात जुनं किती उरलं?

मी उलटा हिशेब करतो. गाडीचे जास्तीत जास्त भाग ज्या सालाबद्दल एकमत आहेत, ते साल घ्यायचं. पर्किन्सचे पाय ज्या ब्रॅकेटांवर टेकलेत त्यांच्यावर पहिला थर हिरवा आहे, निळा नाही. मागच्या दाराच्या चौकटीवरही हिरवा. म्हणजे इंजिन, दार आणि हिरवा रंग एकाच वेळचे, बहुधा गाडी कुणा खाजगी मालकाकडे गेली तेव्हाचे. आमची बस हिरवी झाली. पुण्याहून चुलतभाऊ आला, म्हणाला, “अरे, निळी केली असतीस तर लोकांनी फोटोसाठी रांग लावली असती.” लावली असती. दारामागचा तो तळहाताएवढा घोटलेला गोल मात्र मी रंगवू दिला नाही. वर नुसतं वॉर्निश आहे. ज्याला निळा बघायचाय त्यानं दार उघडून बघावा.

इंजिन बदललंय म्हणून जीव खालीवर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लंडनच्या बसेस मोठ्या दुरुस्तीला आल्डनम इथल्या कारखान्यात जात. १९५६ पासून १९८६ पर्यंत तिथे बॉडी उचलून चॅसीपासून वेगळी करायची पद्धत होती. बॉडीच्या कामाला चॅसीपेक्षा जास्त दिवस लागत, म्हणून तयार चॅसीवर दुसरीच तयार बॉडी बसवत आणि नंबर पहिलाच ठेवत. आत गेलेली बस आणि बाहेर आलेली बस यांच्यात कधीकधी नंबरप्लेटपलीकडे फारसं नातं नसायचं.

पैसे ओतण्याआधी आरटीओत एक फेरी मारा. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली हवी, नव्या नोंदणीचे २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, मग पुन्हा नोंदणीला ५ हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. धंद्याला किंवा रोजच्या वापराला नाही; रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर. पण हे नियम खाजगी दुचाकी-चारचाकी डोळ्यांसमोर ठेवून केलेत. बस त्या चौकटीत सरळ बसत नाही. आमची सध्या शेडच्या आवारात आणि ओळखीच्या एका कारखान्याच्या खाजगी रस्त्यावर फिरते, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

लाकूड

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. इंजिन बिघडलं तर दुसरं मिळतं, सांगाडा वाकला तर ती बस राहत नाही.

कांतिभाई मिस्त्री पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पत्रा उघडला नाही. डिसमिस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घेतला, त्याची मूठ खांबांवर वरून खाली ठोकत गेले. ठक, ठक, ठक, आणि खाली वीतभर अंतरावर आवाज बदलला: भद्. तिथे खडूनं फुली. अठरा खांबांपैकी सात पायांत गेलेले निघाले, वर मात्र एकही नाही. कारण साधं आहे. खिडकीतून झिरपलेलं पाणी पत्र्याच्या आतून उतरतं आणि खांबाच्या बुडाशी साठतं. मूळ बांधणाऱ्यानं तिथे पाणी जायला भोकं ठेवली होती, नंतरच्या रंगाऱ्यांनी ती लांबी (पुट्टी) भरून बुजवून टाकलेली. लांबीचा खडा निघाला आणि आतून काळं पाणी आलं, किती वर्षांचं कोण जाणे. खराब भाग कापल्यावर आत मधासारखं लाकूड. कांतिभाईंनी वास घेतला. “आ तो सागवान छे, साहेब. आपणे बंने जईशुं, आ रहेशे.” आपण दोघं जाऊ, हे राहील.

एकही खांब काढण्याआधी गाडीला आतून धीरे लावा. दारांच्या आणि खिडक्यांच्या चौकटीत तिरप्या पट्ट्या, शिवाय डाव्या-उजव्या भिंतीत आडव्या, स्क्रूनं घट्ट. नाहीतर सातवा खांब बसवेपर्यंत गाडी केळ्यासारखी वाकलेली असते आणि दार लागत नाही म्हणून तुम्ही दाराला दोष देता. चौकटींचे कर्ण मोजून वहीत लिहा आणि दर संध्याकाळी पुन्हा मोजा. खांब एका वेळी एकच. शेजारचे दोन कधीच एकदम नाही.

सगळा खांब बदलायची गरज नसते. खराब पाय कापा आणि नवा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडा. तिरकेपणाची लांबी लाकडाच्या जाडीच्या आठपट हवी. पावणेदोन इंची खांबाला चौदा इंच. कांतिभाई आधी प्लायवूडचा फर्मा कापून जागेवर बसवून बघायचे, फर्मा हसत बसला की मगच सागवानाला करवत. नवं सागवान घेऊ नका, ओलं असतं, फिरतं. आम्ही अलंगच्या रस्त्यावर जहाजांतून निघालेलं सामान विकणाऱ्या दुकानांतून जुन्या फळ्या आणल्या. समुद्रात तीस वर्षं काढलेलं लाकूड बडोद्याच्या दमट पावसाळ्याला काय भीक घालणार! एकच गोष्ट विसरू नका: सागवान तेलकट असतं. चिकटवण्याआधी सांध्यावर ऍसिटोनचा बोळा फिरवा आणि पंधरा-वीस मिनिटांत इपॉक्सी लावा. उशीर केलात तर तेल पुन्हा वर येतं आणि सांधा दोन वर्षांनी हातात येतो. स्क्रू पितळी.

टपाच्या कमानी वाफेनं वाकवण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. चार मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या, प्रत्येकीला गोंद लावून साच्यावर एकावर एक दाबल्या, दोन दिवस पकडीत ठेवल्या. साचा हव्या त्या गोलाईपेक्षा किंचित जास्त वळवा, कारण पकड सोडली की कमान थोडी उलगडते. पहिली कमान आमची अशीच वाया गेली. ती आता शेडच्या दारावर तोरण बांधायला आहे.

पत्रा आणि आटे

आमची बॉडी ऍल्युमिनियमची. रंग काढायला मी सहा पत्रे सॅंडब्लास्टिंगला दिले. कुठे ते सांगत नाही. “काही होत नाही काका, रोज करतो,” असं म्हणाले. परत आले तेव्हा पत्रे पापडासारखे. पातळ पत्र्यावर वाळूचा मारा झाला की त्याचा ताण बिघडतो आणि मग कुठलीही हातोडी तो सरळ करत नाही. पातळ पत्र्याला रंग काढायचं केमिकल आणि लाकडी उलथनं, दुसरं काही नाही. ब्लास्टिंग चॅसीसाठी ठेवा. लोखंडी ब्रॅकेट जिथे ऍल्युमिनियमला टेकतो तिथे मध्ये झिंक क्रोमेटचं अस्तर आणि ब्यूटिल टेप हवीच. नाहीतर ओल आली की ऍल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. सांधे बंद करायला सिलिकोन वापरू नका, त्यावर रंग धरत नाही. पॉलियुरेथेन वापरा.

बोल्टांचं प्रकरण जरा निवांत समजून घ्या. ब्रिटिश गाडी म्हणजे सगळे आटे जुन्या इंग्लिश मापाचे, म्हणजे व्हिटवर्थ, असं माणसं समजतात. आमच्या गाडीत तीन कुळं निघाली: व्हिटवर्थ आणि त्याचाच बारीक आट्याचा भाऊ बीएसएफ, अमेरिकन पद्धतीचे आटे, आणि नंतरच्या मेकॅनिकांनी जे मिळेल ते ठोकून बसवलेलं मेट्रिक. व्हिटवर्थ-बीएसएफचा आटा ५५ अंशांचा, बाकीच्यांचा ६०. नट दोन फेरे जातो आणि मग जड होतो, तिथेच थांबा आणि गेज लावा. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाच्या माथ्याचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो, म्हणून पानाही निराळा घ्यावा लागतो. मागच्या कुणीतरी पाइप पाना लावून गोल करून ठेवलेले नट मी मोजायचं सोडून दिलं. चाकांचे नट खोलताना आधी बघा: बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. चार फुटी दांडी लावून घट्ट करत बसलेले पैलवान मी पाहिलेत.

सुटा झालेला प्रत्येक भाग डब्यात. डब्याला कागदी चिठ्ठी नको, डिझेलनं अक्षर उडतं. ऍल्युमिनियमच्या पट्टीवर पंचानं नंबर ठोकायचा आणि तोच नंबर वहीत. आमच्याकडे फरसाणाचे चाळीस डबे झाले. सेव-उसळीच्या पार्ट्यांमागे असंही एक शास्त्रीय कारण होतं.

इंजिन

आता तो तिसरा दिवस. आणताना लावलेली उसनी चाकं अजून गाडीलाच होती, भाच्याकडे ट्रॅक्टर होता आणि मला दम नव्हता. गाडी तिसऱ्या गियरमध्ये टाकली, दोर बांधला, “चल.” चाकं घसटत गेली, मग इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि आतून कट्कन आवाज आला. गाइडमध्ये अडकलेले दोन व्हॉल्व्ह, त्यांना ढकलणारे दोन पुश रॉड, दोन्ही धनुष्यासारखे. चूक माझी एकट्याची. आयुष्यभर पोरांना “आधी हातानं फिरवून बघ” सांगितलं होतं.

बरोबर रीत अशी. इंजेक्टर काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कप डिझेल आणि गियरचं पातळ तेल ओतून आठवडाभर विसरा. रॉकरचं झाकण काढा, प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांडीवर तेल सोडा आणि लाकडाच्या ठोकळ्यानं हलकं टकटक करा. दाबल्यावर स्प्रिंगनं वर आला पाहिजे. बाराच्या बारा वर आले की हँडल लावून पाव फेरा पुढे, पाव मागे. दोन पूर्ण फेरे होईपर्यंत सगळे व्हॉल्व्ह उठताना आणि बसताना डोळ्यांनी बघा. तोवर ट्रॅक्टरवाल्या भाच्याला चहाला पाठवा. पाण्याच्या वाटा गंजानं भरलेल्या असतात, कोअर प्लग काढून गाळ खरवडावा लागतो. आमच्यातून बादलीभर निघाला. वाकलेले रॉड, लायनर, बेअरिंग ही कामं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत झाली, तिथे जुन्या मापाची कदर असणारे टर्नर अजून आहेत.

जुनं डिझेल पहिल्यांदा चालू करताना एक लाकडी फळी हाताशी हवी. ही थट्टा नव्हे. आम्ही फ्युएल पंप कॅलिब्रेट करून आणला होता, पण तो सहा महिने पडून राहिला आणि आतला रॅक, म्हणजे इंजिनाला किती डिझेल जाईल ते ठरवणारी दांडी, पूर्ण उघड्या जागी चिकटला. आम्हाला ते कळलं नाही. टाकी धुतली, नवे फिल्टर घातले, फिल्टरपासून इंजेक्टरच्या नटापर्यंत क्रमानं एअर काढली, भाचा सीटवर बसला. चौथ्या प्रयत्नाला इंजिन धरलं, पांढरा धूर आला, सगळे हसले. आणि आवाज चढायला लागला. भाच्यानं पाय काढला, स्टॉपची वायर ओढली, तरी चढतोच. रॅकच अडकलेला, वायर ओढून काय होणार? कांतिभाई बोनेटपाशी उभे होते, सागवानाच्या तुकड्याला ट्यूबचं रबर चिकटवून मी त्यांच्या हातात आधीच दिलं होतं. त्यांनी ते हवेच्या तोंडावर दाबलं आणि अंग टाकलं. इंजिन दोनदा धापलं आणि बंद पडलं. पाचेक सेकंदांचा खेळ. हात लावू नका, फडकं तर नाहीच, ते आत ओढलं जातं. आणि चालू करण्याआधी पंपाचं बाजूचं झाकण काढून रॅक बोटानं सरकतो का ते बघा, म्हणजे फळीची पाळी येणार नाही.

ब्रेक, चाकं आणि विश्वामित्री

बेडफर्डचे ब्रेक हायड्रॉलिक, मदतीला व्हॅक्यूम सर्व्हो. पेट्रोल इंजिन स्वतःच्या ओढीनं व्हॅक्यूम देतं, डिझेल देत नाही. म्हणून डिझेल बसवलेल्या गाडीत वेगळा व्हॅक्यूम पंप, एक्झॉस्टर, असतो, आणि तो मेला असेल तर पेडल दगडासारखं लागतं. सिलिंडर बदलण्याआधी हा पंप तपासा. व्हील सिलिंडर खड्ड्याखड्ड्यांचे झाले असतील तर स्टेनलेसची बाही बसवून घ्या. रबर सगळंच्या सगळं नवं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ऍस्बेस्टॉस असतं; ओल्या फडक्यानं पुसा.

लॉक रिंगच्या चाकात, म्हणजे जिथे टायर सुट्या लोखंडी कड्यानं अडवलेला असतो तिथे, हवा भरताना मी कुणावरच विश्वास ठेवत नाही. गंजलेली रिंग हवेच्या दाबानं सुटली तर माणूस जागेवर जातो. चाक पिंजऱ्यात ठेवा, नसेल तर साखळदंडानं बांधून रिंग जमिनीकडे करा, लांब नळी लावा आणि दूर उभे राहा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली आणि आमच्या शेडमध्ये गुडघ्याच्या वर पाणी आलं. मगरी शहरात फिरत असल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. आम्ही पाणी उतरल्यावर गाडीखाली वाकण्याआधी काठी फिरवून घेतली. लाकूड धुऊन वाळवलं, त्याला काही झालं नाही. पण डिफरन्शियलचा प्लग काढला तर आतून दूध घातलेल्या चहासारखं तेल. पुरात बुडालेल्या गाडीचं डिफरन्शियल, गियरबॉक्स आणि व्हील बेअरिंग यांचं तेल-ग्रीस त्याच आठवड्यात बदला, गाडी हलवली नसली तरी. नवं तेल भरताना गियरबॉक्सला एकशेचाळीस जाडीचं, जीएल-४ प्रतीचं गियर तेल घाला. जीएल-५ काही ठिकाणी आतल्या पितळी बुशांना खातं.

वायरिंग जुनं ठेवायचा हट्ट करू नका. कापडी वेष्टणाची वायर कुरकुरीत झालेली असते, आग लागते. नवी घाला, वरून कापडी नळी चढवा. बॅटरी जोडण्याआधी कुठलं टोक चॅसीला आहे ते बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बरेचदा प्लस असतं. सीट काथ्या भरून रेक्झिनच्या, आमच्या पेठेतल्या गादीवाल्यानं केल्या. घंटीची दोरी सुताची.

चालवताना

गियरबॉक्सला सिंक्रो नाही, म्हणजे गियर टाकताना आतल्या चाकांचा वेग आपोआप जुळत नाही. वर जाताना क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, क्षणभर थांबा, पुन्हा क्लच, मग गियर. खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ऍक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची, आतली चाकं एका वेगाला आली की दांडी आपोआप आत ओढली जाते. जोर लावावा लागला तर तुमचं चुकलंय. ओबीचा गियरबॉक्स खालच्या गियरांत कण्हतो, सुरात, वेगाबरोबर चढत जाणारा. इंग्लंडातले शौकीन त्या आवाजावर जीव टाकतात. तो दुरुस्त करायला जाऊ नका. मी दोन महिने बेअरिंग शोधत होतो.

मे २०२५ मध्ये हिरव्या रंगाचा शेवटचा हात मारला. जूनच्या मध्यावर पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी आणि कांतिभाई मुद्दाम गाडीतच जाऊन बसलो, डबा घेऊन. वीस मिनिटं काही नाही. मग उजवीकडच्या तिसऱ्या खिडकीवर, कमान जिथे खांबाला मिळते तिथे, एक थेंब जमला, लोंबला आणि नव्या रेक्झिनवर पडला. कांतिभाईंनी डबा झाकला, खिशातून खडू काढून तिथे फुली मारली आणि विचारलं, शिडी कुठे ठेवलीय.